सारबुन फाँट: अमळनेरच्या एका डीटीपीवालीचा अनुभव

माझ्या काउंटरवर अजून एक काळा ग्रॅनाइटचा तुकडा ठेवलेला आहे. दोन फूट बाय दीड फूट, सोनेरी अक्षरं, चुकलेला. तालुक्यातल्या एका विहाराच्या समितीने तो साडेसात हजार देऊन दुसऱ्या शहरातून कोरून आणला होता. थायलंडच्या उपासक-उपासिकांनी विहाराला बुद्धमूर्ती आणि पिण्याच्या पाण्याचा कूलर दान दिला, म्हणून फलकावर त्यांची नावं त्यांच्याच लिपीत हवी होती. समितीतले काका तो तुकडा पोत्यात गुंडाळून, एसटीने माझ्याकडे घेऊन आले. त्यांनी मोबाइलवरचा मूळ मजकूर आणि दगड शेजारी शेजारी धरले नि म्हणाले, "ताई, हाई काय लिखेल शे? पाहुणा वाचतीन ते काय म्हनतीन?"

मला तेव्हा थाईचं एक अक्षर येत नव्हतं. पण दगडावर काय बिघडलंय ते लगेच दिसलं. अक्षरांच्या डोक्यावरच्या खुणा डोक्यावर नव्हत्या. त्या उजवीकडे सरकून दोन अक्षरांच्या मधल्या मोकळ्या जागेत लटकत होत्या. मराठीत 'की' लिहावं आणि वेलांटीचा वरचा फाटा पुढच्या शब्दावर जाऊन पडावा, तसं. कोरणाऱ्याने हात स्वच्छ चालवला होता, दोष त्याच्या छिन्नीचा नव्हता. त्याला मिळालेल्या फाइलमध्येच अक्षरं सुटी झाली होती.

त्या कामासाठी मी सारबुन हा थाई फाँट वापरला. आता वर्ष होत आलं. दोन फलक, एक पाण्याची पाटी, एक चार पानी पत्रिका आणि २७ नावांची दानयादी एवढं काम त्यावर झालं. आपल्याकडे विहारांमध्ये थाई मूर्ती येतात, पाहुणे येतात, आणि दरवेळी कुणातरी डीटीपीवाल्याच्या टेबलावर ही लिपी येऊन पडते. त्याच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी फाँटची ओळख. थाई उच्चार 'साराबन'च्या जवळ जातो, कारण नावाची मुळं सार आणि पर्ण. कागदपत्रांचं, पत्रव्यवहाराचं काम असा त्याचा अर्थ. पर्ण म्हणजे पान, ते आपल्या पोथीतही आहे आणि त्यांच्या कचेरीतही. थायलंड सरकारने १३ फाँट राष्ट्रीय म्हणून सगळ्यांना मोफत दिले आणि २०१० साली मंत्रिमंडळाने सरकारी कागदपत्रांत ते वापरायचे असं ठरवलं. त्यातला सर्वांत जास्त दिसणारा हा. त्यांची सरकारी पत्रं याच्या १६ पॉइंटात असतात. आज तो गूगल फाँट्सवर आठ जाडींमध्ये आणि प्रत्येकीच्या तिरक्या रूपासह मिळतो, म्हणजे १६ फाइली. परवाना खुला आहे, दुकानात पैसे घेऊन काम केलं तरी चालतं. ग्राहकाला फाइलसोबत फाँट द्यायचा असेल तर चोरून द्यावा लागत नाही. मी १९९६ पासून या धंद्यात आहे. फाँटच्या फ्लॉपीसाठी लोकांनी एकमेकांशी बोलणं सोडलेलं मी पाहिलंय, म्हणून मला याचं मोल फार वाटतं.

पण फाँट म्हणजे कपडे. आत शरीर असतं ते संकेतांचं, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला नेमून दिलेल्या क्रमांकांचं, आणि थाईचं ते शरीर समजून घेतल्याशिवाय या फाँटला चांगला किंवा वाईट म्हणण्यात अर्थ नाही. मी पंधरा दिवस रोज रात्री दुकान बंद केल्यावर एक तास त्यासाठी दिला.

युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक संकेतात देवनागरीला ०९०० ते ०९७एफ (आकडे संगणकाच्या सोळाच्या मोजणीतले) ही १२८ घरांची चाळ आहे. थाईला ०ई०० ते ०ई७एफ ही तेवढीच. त्यातली ८७ घरं भरलेली आहेत, त्यांत बाह्त या त्यांच्या चलनाचं चिन्हही आलं. आपली चाळ इस्की या भारतीय संकेतावरून बांधली. त्यांची टीआयएस-६२० या थाई औद्योगिक मानकावरून. ते मानक पहिल्यांदा १९८६ मध्ये आलं, १९९० मध्ये सुधारलं. थाई कागदांवर या सालांऐवजी २५२९ आणि २५३३ दिसतील, कारण ते बुद्धवर्ष लिहितात, आपल्या इसवी सनात ५४३ मिळवून. जुन्या मानकातला अक्षरांचा क्रम युनिकोडने तसाच उचलला. म्हणून जुनी थाई फाइल नव्यात आणणं हे साध्या बेरजेचं काम आहे. आपल्या जुन्या मराठी फाइलींचं तसं नव्हतं. तिथे प्रत्येक कंपनीच्या फाँटमागे वेगळी घरं, 'क'च्या जागी इंग्रजी अक्षर, आणि फाँट हरवला की मजकूर हरवला. माझ्याकडे १९९९ च्या लग्नपत्रिकांचे दोन खोके आहेत, सीडी चालतात, पण एकही पत्रिका आज वाचता येत नाही. थाई लोकांनी हे घर एवढ्या लवकर लावून घेतलं, याचा मला मनापासून आदर वाटतो.

आता गंमतीचा भाग, ज्यासाठी मी रात्री जागले.

फलकावरची वरची ओळ पाली होती, थाई लिपीत: बुद्धं सरणं गच्छामि. मी ती एकेक खूण सुटी करून वहीत लिहिली. थाईत: ब, खाली उकार, द, खाली ठिपका, ध, वर छोटं वर्तुळ. सहा खुणा. मग मराठीतलं 'बुद्धं' सुटं केलं: ब, उकार, द, हलन्त, ध, अनुस्वार. सहा, आणि त्याच क्रमाने. तो खालचा ठिपका म्हणजे त्यांचा हलन्त, त्याला ते फिन्थु म्हणतात, आणि वर्तुळ म्हणजे अनुस्वार, निखहित. 'सरणं' चार आणि चार. 'गच्छामि' सात आणि सात. पूर्ण ओळ घरास घर जुळली. फरक एवढाच की आपल्याकडे हलन्त आला की द आणि ध एकमेकांत मिसळून जोडाक्षर होतं आणि हलन्त दिसेनासा होतो. थाईत अक्षरं सुटीच राहतात आणि ठिपका खाली उघडा दिसत राहतो. लहानपणापासून विहारात म्हटलेली ओळ, तिचे सुटे भाग दोन लिप्यांत एकसारखे समोर पडलेले पाहून माझे डोळे भरून आले. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे.

दुसऱ्या ओळीत 'मेत्ता' शब्द होता आणि तिथे घडी विस्कटली. मराठीत: म, मात्रा, त, हलन्त, त, काना. थाई पाली लिखाणात: आधी एकाराची खूण, मग म, त, ठिपका, त, काना. पहिल्या दोघांची अदलाबदल. थाईत एकार, ओकार, ऐकार अशा पाच स्वरखुणा व्यंजनाच्या डावीकडे लिहितात, आणि संगणकातही त्या व्यंजनाच्या आधीच साठवतात. जसं दिसतं तसं टाइप, जसं टाइप तसं साठवण. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीत उच्चाराच्या क्रमाने लिहिण्यासाठी वेगळ्या पाच स्वरखुणाही ठेवल्या होत्या, त्या पुढच्याच दुरुस्तीत काढून टाकल्या. थायलंडची सवय टाइपरायटरची होती. तिथे पहिला टाइपरायटर १८९२ मध्ये आला, आणि शंभर वर्षांची बोटं कुणी मोडत नाही.

माझी बोटंही तीच. रेमिंग्टन या जुन्या टाइपरायटरच्या कळफलकावर शिकलेल्या कुणालाही विचारा, 'कि' कसं करायचं? आधी ऱ्हस्व वेलांटी, मग क. आम्ही वीस वर्षं तसंच बडवलं. मग युनिकोड आलं आणि सांगितलं की वेलांटी दिसते आधी पण दाबायची नंतर, कारण उच्चार नंतर. ते शास्त्रशुद्ध आहे, शोधायला आणि अकारविल्हे लावायला सोयीचं आहे, मला मान्य आहे. पण माझ्या बोटांना दोन वर्षं लागली. थाईत एकार आधी दाबला आणि तो आधीच राहिला, तेव्हा जुन्या वाड्यात परत आल्यासारखं वाटलं. त्यांनी केलं ते चूक आणि आपण केलं ते बरोबर, असं मी म्हणणार नाही. त्यांनी टंकलेखकाची सोय पाहिली, आणि त्याची किंमत यादी लावणाऱ्याच्या गळ्यात पडली.

ती किंमत मी मोजली. दानयादी अक्षरक्रमाने हवी होती. मी २७ नावं साध्या संकेतक्रमाने लावली, तर सहा नावं एकगठ्ठा शेवटी जाऊन बसली, कारण ती या डावीकडच्या स्वरखुणांनी सुरू होतात आणि त्यांची घरं व्यंजनांच्या नंतर आहेत. थाई शब्दकोशात मात्र ती आपापल्या व्यंजनाखाली येतात. मी यादीची भाषा थाई अशी नेमून लिबरऑफिस या मोफत प्रोग्राममध्ये पुन्हा लावली, तेव्हा जागेवर बसली. यादी लावण्याआधी भाषा नेमायला विसरू नका, नाहीतर सहा दाते शेवटच्या रांगेत उभे राहतील.

आणखी एक चूक फाँटने झाकून ठेवली होती, ती तर कुणालाच दिसली नसती. फलकावरचं प्रत्येक नाव मी यादीत शोधून ताडत होते. २६ सापडली, एक सापडेना. डोळ्यांना दोन्हीकडे अगदी सारखंच. शेवटी सुटं केलं तेव्हा कळलं. थाईत 'अॅ'सारख्या लांब स्वराची एक खूण आहे, ती दिसायला एकाराच्या दोन खुणा शेजारी ठेवल्यासारखी. पाठवणाऱ्याने खरोखरच एकार दोनदा दाबला होता. कागदावर फरक शून्य, संगणकाला मात्र तो वेगळाच शब्द. दगडावर ते खपून गेलं असतं. पण तीच यादी समितीच्या संगणकात राहणार होती, तिथे त्या बाईंचं नाव शोधून कधीच मिळालं नसतं. मी दुरुस्त केलं.

आता फाँटची परीक्षा. मी चार शब्द ठरवले आणि अजूनही कुठलाही थाई फाँट आला की हेच चार टाकून पाहते.

पहिले दोन पाण्याच्या पाटीवरचे: 'नाम दुम', म्हणजे पिण्याचं पाणी. ('दुम'मधला स्वर आपल्याकडे नाही, उ म्हणताना ओठ पसरून बोलायचा.) थाई बोलताना पाच सूर आहेत आणि ते दाखवायला चार खुणा. नावं ऐका: माय एक, माय थो, माय त्री, माय चत्तवा. आपलेच एक, दोन, तीन, चार. 'दुम'मध्ये द, त्यावर स्वरखूण, तिच्यावर सुराची खूण, दोन मजले. टाइप करताना आधी स्वर, मग सूर. 'नाम'मध्ये उलटं: न, मग सूर, आणि मग 'आम' ही जोडखूण, जिच्यात वरचं वर्तुळ आणि पुढचा काना एकत्र आहेत. वर्तुळ टाइप होतं सुरानंतर, पण दिसायला हवं सुराच्या खाली, न ला चिकटून. म्हणजे फाँटला जोडखूण फोडून वर्तुळ आत सरकवावं लागतं. एकाच पाटीवर दोन शब्द आणि दोन वेगळे क्रम. सारबुनने दोन्ही बिनचूक बसवले, अगदी १० पॉइंटातही खुणा एकमेकींना टेकल्या नाहीत. चुकलेल्या ग्रॅनाइटवर नेमकी हीच जागा मोडली होती.

तिसरा शब्द 'पी', म्हणजे वर्ष. थाई 'प'ची उजवी काठी उंच असते, दीर्घ ईची खूण सरळ वर ठेवली तर काठीला आपटते. चांगला फाँट खूण डावीकडे सरकवतो. इथे सरकते.

चौथा माझा आवडता: कतञ्ञू, म्हणजे कृतज्ञ. थाईतही हा शब्द रोजच्या वापरात आहे. त्यांच्या 'ञ'ला खाली एक वेगळी वेलबुट्टी असते, पण खाली उकार आला की ती काढून टाकायची, म्हणजे उकाराला जागा मिळते. या शब्दात दोन ञ शेजारी येतात, पहिला वेलबुट्टीसकट आणि दुसरा तिच्याशिवाय. संकेत दोघांचा एकच, रूप फाँटने ठरवायचं. सारबुनमध्ये ते आपोआप होतं. आपल्या र ची रफार, रकार, पायमोड ही रूपं ज्याने हाताने निवडून बसवली आहेत, त्याला यातली कारागिरी कळेल.

चंद्र शब्दही फलकावर होता, सोमवारच्या नावात. च, न, द, र सगळं जसंच्या तसं लिहितात, र वर एक मौनाची खूण ठेवतात आणि उच्चार करतात फक्त 'चन'. म्हणजे शुद्धलेखन मूळ शब्दाशी इमान राखतं. मौनाची खूण सारबुनमध्ये जरा बारीक आहे, कोरताना तिकडे लक्ष हवं.

वापरताना काय अडलं तेही सांगते. थाईत दोन शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, जागा साधारण वाक्य किंवा उपवाक्य संपल्यावर येते. त्यामुळे ओळ कुठे तोडायची हे संगणकाला शब्दकोश पाहूनच कळतं. ज्या प्रोग्रामकडे तो शब्दकोश नाही तो शब्द मध्येच कापतो. माझ्या कटिंगच्या जुन्या प्रोग्रामने एका नावाचे दोन तुकडे केले. उपाय: शब्दाच्या हद्दीवर शून्य रुंदीची जागा हे अदृश्य चिन्ह घालायचं, ओळ तिथेच तुटते. हद्द कुठे आहे ते मात्र भाषा जाणणाऱ्यालाच विचारा. मी मूर्तीसोबत आलेल्या थाई भंतेंना व्हिडिओ कॉलवर दाखवून घेतलं.

दुसरं, याच नावाचे दोन फाँट फिरतात. सरकारी वाटपातला जुना, आणि गूगलवरचा. जुन्याची अक्षरं त्याच पॉइंटाला बरीच लहान दिसतात. फाइल एकात बांधून दुसऱ्यात उघडली की सगळी मांडणी उसळते. एकच धरा.

तिसरं, यात देवनागरी नाही. मराठी ओळीसाठी दुसरा फाँट घ्यावाच लागतो. दोघांची उंची डोळ्याने जुळवावी लागते, पॉइंटचा आकडा सारखा ठेवून जुळत नाही. थाई ओळींमधलं अंतर मराठीपेक्षा जास्त ठेवा, वर दोन मजले आणि खाली एक असतो.

चौथं, कोरण्यासाठी रेग्युलर जाडी घेऊ नका. मी आधी तीच घेतली, नमुन्यात अक्षरांच्या डोक्याची वर्तुळं बुजली. सेमीबोल्ड या त्याहून जाड रूपावर गेले तेव्हा उघडी राहिली. ही वर्तुळं सांभाळा, बहुतेक थाई अक्षरं तिथूनच सुरू होतात आणि एकमेकांसारखी दोन अक्षरं अनेकदा वर्तुळाच्या दिशेवरूनच ओळखू येतात. हल्लीचे काही फाँट वर्तुळं गाळून सरळ रेघ ठेवतात. जाहिरातीत ते चकचकीत दिसतं. मी तसा एक नमुना भंतेंना पाठवला होता. त्यांनी वाचला, पण म्हणाले की गावातल्या वयस्कर उपासिका फोटो पाहतील तेव्हा त्यांना वर्तुळवालीच अक्षरं द्या. सारबुन वर्तुळवाला आहे. दगडासाठी माझा कौल त्यालाच.

आणि फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्र करूनच, कोरणाऱ्याला द्या. सोबत मूळ टाइप केलेला मजकूर वेगळा जपा. कर्व्ह केलेल्या फाइलमध्ये नाव उरत नाही, नावाचं चित्र उरतं. मी समितीला पेनड्राइव्हवर दोन्ही दिलं, आणि मजकुराची एक छापील प्रत विहाराच्या कपाटात ठेवायला लावली.

ज्या विप्रोचं नाव आज संगणकाच्या धंद्याशी जोडलं जातं ती १९४५ मध्ये आमच्या अमळनेरात वनस्पती तेलाची गिरणी म्हणून सुरू झाली. तेवढ्या मोठ्या गोष्टींशी माझ्या आठ बाय दहाच्या दुकानाचा संबंध नाही. पण कुणीतरी बनवून सगळ्यांना मोफत दिलेला एक फाँट आणि नीट लावलेली ८७ घरं यांच्या जिवावर, एकही थाई शब्द न येणाऱ्या बाईला बरोबर थाई फलक करता आला, हे मला मोठं वाटतं. पाचपैकी पाच देते.

दुसरा फलक बसून आता पावसाळा उलटला. गेल्या आठवड्यात काकांनी फोटो पाठवला. सगळं शाबूत आहे, फक्त पहिल्या ओळीत द च्या खालचा ठिपका रंग सोडून बसलाय. तो मी फाँटने दिला तेवढाच कोरायला दिला होता आणि त्या खोलीत सोनेरी रंग टिकला नाही. तो गेला की हलन्त गेला. रविवारी बारीक ब्रश घेऊन जाते आहे, आणि पुढच्या दगडाला फिन्थुचा ठिपका दीडपट करून पाठवणार आहे.